उष्णता-लाभार्थी रंगूबाई

वारसा जपणे हे सुसंस्कृत समाजाचे आद्य कर्तव्य आहे. नवी मुंबईत ते जरा लवकरच अंगावर पडते. बेलापूरची आमची ‘सागरछाया’ चाळीस वर्षांची होताच सोसायटीने तिला एकमताने ऐतिहासिक ठरवले. (प्लॅस्टरने हे आधीच ओळखले होते.)

मग ऐतिहासिक इमारतीला शोभेलशी ‘उष्णता व शीतलता सुधार योजना’ आली. इथे थंडी पौषात चहापुरती टेकते आणि निघून जाते. पण परदेशी जुन्या इमारतींत दोन्ही सोयी असतात, हे अध्यक्ष कमळाकरशेठ सहलीत पाहून आले होते.

तेवीस घरांत एसी बसले. दर्शनी भिंत वारशाची, म्हणून गरम हवा फेकणारी तेवीस यंत्रे मागच्या चौकात गेली. तिथे चोविसावे घर होते, रंगूबाईचे. नवरा सयाजी जन्मभर मार्केटात पोती वाहिलेला; पाठीवरची पोती उतरली, छातीतली धाप उतरली नाही. त्याची खाट एकुलत्या खिडकीशी. संध्याकाळी खाडीवरचा वारा माहेरच्या माणसासारखा, न कळवता, ओल्या हातांनी तिथे यायचा.

“अवो शेठ, भट्टी झालीया घराची. ह्यांना श्वास घेववंना!”

“मावशी, टेन्शन नको घेऊ. फॉरेनला हिटिंगचे पैसे मोजतान. तुला फुकट हाय!”

पाहणीत शहाण्णव टक्के सभासद समाधानी निघाले. (उरलेले चार टक्के म्हणजे रंगूबाई.) शिवाय, योजनेतल्या उष्णतेचा लाभ अद्याप कोणालाच दिलेला नाही, ही त्रुटी सेक्रेटरी नमिताताईंनी हेरली. रंगूबाईला लाभार्थी घोषित करून मे महिन्यात जोडप्याचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार झाला. शाल लोकरीची होती.

“आता हिचं काय करू, बाई?” रंगूबाईने विचारले.

टाळ्यांत ते ऐकू गेले नाही.

तिने शाल भिजवून खिडकीला लावली. सयाजीला जरा बरे वाटले. ऐतिहासिक खिडकी विद्रूप केल्याची नोटीस तिसऱ्या दिवशी आली. मग खिडकी लावून दोघे कामोठ्याला लेकीकडे गेले. वारा अजून येतो, बंद फळीवरून हात फिरवतो आणि परततो. योजना शंभर टक्के यशस्वी झाली; तक्रार करणारे कोणी उरले नाही.

आपण हे गार खोलीत वाचत असाल, तर उत्तम. रंगूबाईचे नाव मी तुम्हाला सांगितले. तुमच्या एसीच्या पाठीमागे जे राहतात, त्यांचे नाव तुम्हाला ठाऊक असेलच.