बारदान कार्यालयातली सुशी

१९७४ साली नागपूरच्या बारदान नियंत्रण कार्यालयाचे उपसंचालक दत्तोपंत सबनीस रिकाम्या पोत्यांच्या घड्या घालण्याच्या पद्धतीचा अभ्यास करण्यासाठी एक महिना जपानला जाऊन आले. घडीबाबतचा त्यांचा अहवाल दीड पानांचा होता. न्याहारीबाबतचा अकरा पानांचा होता. जपानी माणूस झपाट्याने काम करतो, कारण तो गार भाताच्या मुटक्यावर सागरी जीव ठेवून, काळपट पानात गुंडाळून, न शिजवता खातो, असा त्यांचा निष्कर्ष होता. या पदार्थाला सुशी म्हणतात, हेही त्यांनी तळटीपेत नोंदवले होते.

पुढच्या सोमवारी परिपत्रक निघाले. कार्यक्षमता वाढावी म्हणून प्रत्येक कर्मचाऱ्याने आळीपाळीने शनिवारी दुपारी चार वाजता आपल्या घरी सुशीचा कार्यक्रम ठेवावा. कार्यक्रम ऐच्छिक आहे. ज्यांची इच्छा नसेल त्यांनी इच्छा का नाही, ते तीन प्रतींत कळवावे.

सुरुवात लिपिकांपासून ठरली आणि ज्येष्ठतेनुसार पहिला मान रुपराव ठाकरे यांच्याकडे आला. रुपराव चौदा वर्षे वरिष्ठ लिपिक होते. हेडक्लार्कची जागा रिकामी होती आणि त्यांचा गोपनीय अहवाल साहेबांच्या टेबलावर कोरा पडला होता. त्यामुळे इच्छा असण्यावाचून त्यांना गत्यंतर नव्हते.

शनिवारी साहेबांसाठी सुशी करायची आहे, असे त्यांनी घरी सांगितले, तेव्हा बायको वच्छला डाळ निवडत होती. कोणती सुशी, असे तिने विचारले. काटोलला दिलेली तिची मावसबहीण सुशीला तिला आठवली. रुपरावांनी चक्रमुद्रित कागद वाचून दाखवला. वच्छलेने शेवटपर्यंत ऐकून घेतले आणि या माणसांच्या घरी चूल नाही काय, एवढेच विचारले.

पहिली अडचण समुद्राची होती. तो नागपूरपासून कुठल्याही दिशेने दूरच. शिपाई धोंडबा खाप्याचा होता. कन्हान नदीचे ताजे झिंगे आणून देतो म्हणाला, पण कागदावर ‘सागरी’ हा शब्द अधोरेखित होता. शेवटी रुपरावांनी इतवारीतून सुके झिंगे आणले आणि ते समुद्राचेच असल्याचे दुकानदाराकडून लिहून घेतले. अधीक्षक गणपतराव मुळे यांनी त्यावर हरकत काढली की, झिंगे उन्हात वाळवलेले असल्याने त्यांना अग्नीचा स्पर्श झाला असे समजावे काय. नस्ती साहेबांकडे गेली. जपान हा उगवत्या सूर्याचा देश असल्याने ऊन ग्राह्य धरावे, असा शेरा मारून ती परत आली.

दुसरी अडचण पानाची होती. काळपट, रुंद, गुंडाळता येईल असे एकच पान नागपूरच्या बाजारात मिळत होते: चमकोरा, म्हणजे पुण्यामुंबईकडचा अळू. साहेबांना ते पसंत पडले. वच्छलेला पडले नाही.

“कच्चा चमकोरा खाल्ला तं घसा खाजते,” ती म्हणाली. “लहान लेकराले बी मालूम आहे. साहेबाले सांगा, मी उकडून देतो.”

रुपरावांनी भीत भीत टिपणी सादर केली: कच्च्या पानाने घसा खाजतो, असे घरचे म्हणणे आहे. साहेबांनी लाल शाईने लिहिले, ‘घरचे म्हणणे शासकीय नोंदीत आणू नये.’

शनिवारी चार वाजता साहेब, गणपतराव आणि कार्यालयातले आणखी तिघे रुपरावांच्या बैठकीत सतरंजीवर मांडी घालून बसले. परातीत मुटके मांडले होते: शिरका लावलेला भात, वर भिजवलेला झिंगा, भोवती काळपट कच्चे पान. साहेबांनी पहिला मुटका उचलला, डोळे मिटले आणि चावला. मग सगळ्यांनी उचलला.

घशात काय सुरू झाले, ते प्रत्येकाला लगेच कळले. परंतु साहेब बोलत नव्हते, त्यामुळे दुसऱ्या कोणी बोलण्याचा प्रश्न नव्हता. साहेबांच्या डोळ्यांत पाणी आले. त्यांना जपानची आठवण झाली असावी, असे समजून गणपतरावांनीही डोळ्यांत पाणी आणले. त्यासाठी त्यांना फारसे कष्ट पडले नाहीत. गणपतरावांनी दुसरा मुटका घेतलेला पाहून साहेबांना दुसरा घ्यावा लागला. साहेबांनी दुसरा घेतलेला पाहून सगळ्यांनी घेतला. चौथ्या मुटक्यानंतर खोलीत असा सन्नाटा पसरला, की दारात उभ्या धोंडबाला ही जपानी प्रार्थना वाटली आणि त्याने टोपी काढली.

आतून हे सगळे पाहत असलेली वच्छला चिंचेच्या पाण्याची बादली घेऊन बाहेर आली. कोणाला काही न विचारता तिने पेले भरले. पाचही जण अधाशासारखे प्यायले.

ती बादली घेऊन आत गेली, तेव्हा साहेब दुसऱ्या पेल्यासाठी तिच्यामागे स्वयंपाकघरापर्यंत गेले. तिथे ते भिंतीला टेकून उभे राहिले. परदेश पाहून आलेला मोठा अधिकारी आपल्या चुलीशेजारी घसा चोळत उभा आहे, हे पाहून वच्छलेला हसू यायला हवे होते; पण तिला कीव आली. तिने विचारले, “तिकडं रोज हेच खात होते काय जी तुम्ही?”

साहेबांनी बैठकीकडे एकदा पाहून घेतले. “वहिनी, मी तिकडे हे तोंडातही घातलं नाही,” ते घोगऱ्या आवाजात म्हणाले. “वास आला की ताट बाजूला सारायचो. महिनाभर घरचा चिवडा आणि केळी खाल्ली.”

“मंग आम्हाले काहून खाऊ घालून राहिले?”

“परत आल्यावर जो तो विचारायचा, काय खाल्लंत. सरकारच्या पैशानं जपानला जाऊन चिवडा खाल्ला, असं कसं सांगू?”

वच्छलेने वरणभात वाढला. साहेब उभ्याउभ्याच जेवले आणि पुन्हा गंभीर चेहरा करून बाहेर गेले.

पंधरा दिवसांनी रुपराव हेडक्लार्क झाले. ‘परदेशी कार्यपद्धती आत्मसात करण्याची तयारी दिसते,’ असे त्यांच्या गोपनीय अहवालात होते. वच्छलेने त्यांना चुलीजवळचे बोलणे सांगितले तेव्हा त्यांनी आधी दाराची कडी लावली. आता कार्यक्रम बंद होईल, असे तिला वाटत होते. पण परिपत्रकाची प्रत वर गेली होती, तिथून ती सर्व विभागांना गेली, आणि सुधारित आवृत्तीत चिंचेचे पाणी हे जपानी समारोपाचे पेय म्हणून समाविष्ट झाले. साहेबांना परिपत्रक मागे घेता आले असते. परंतु त्यांना व्याख्यानांची निमंत्रणे येऊ लागली होती.

होता होता सुशी धरमपेठेतल्या बड्या घरांत पोचली. मुंजी-बारशांत ती दिसू लागली. पाहुणे खात, घसा धरत, चिंचेचे पाणी पीत आणि यजमानीणबाईंना कृती विचारत.

तिथल्या महिला मंडळाच्या अध्यक्षा पुष्पलताबाई देव यांनी वच्छलेला प्रात्यक्षिकासाठी बोलावले, तेव्हा तिने मनाशी ठरवले की, आता कोणाचे परिपत्रक आडवे येणार नाही. तिने चमकोरा चिंच लावून उकडला. झिंगे लसूण-तिखटावर खरपूस भाजले. गरम भातावर लिंबू पिळले. चाळीस बाया, ऐंशी मुटके. अर्ध्या तासात परात पुसून निघाली, आणि दोघींनी तर बोटेही चाटली. त्या दिवशी वच्छला घरी येताना रिक्षात गुणगुणत होती.

आठवड्याने मंडळाचे पत्र आले. प्रात्यक्षिक रुचकर होते, याबद्दल दुमत नाही. तथापि उपस्थितांपैकी एकीचाही घसा खाजला नाही. त्यामुळे पदार्थ अस्सल नसल्याचे सभेचे एकमत झाले असून, पुढील प्रात्यक्षिक अन्य जाणकार भगिनींकडून घेण्यात येईल.

वच्छलाबाई अजून नागपुरातच असतात. वाचकांपैकी कोणाला उकडलेल्या पानाची सुशी हवी असल्यास त्या आनंदाने करून देतील. आजवर कोणी मागितलेली नाही.