खोकल्याची मंजुरी

मध्यभारताची राजधानी हिवाळ्यात ग्वाल्हेरला आणि उन्हाळ्यात इंदूरला असे. ती आली की फायली येत, आणि फायलींबरोबर धूळ. झटकून फायली लावायचं काम जुनी इंदूर मोहल्ल्यातल्या पांडुरंगरावांचं. फायली साहेबांकडे जात, धूळ पांडुरंगरावांच्या छातीत राही. मग माणूस खोकणारच की हो!

पण इंदूर कचेरीच्या मुजुमदारसाहेबांनी निर्णय सांगावा आणि नेमका तेव्हाच पांडुरंगरावांना खोकला यावा, असं दोनदा झालं. तिसऱ्यांदा साहेब भडकले. "हा खोकला नाही, टीका आहे!" दुसऱ्याच दिवशी हुकूम निघाला: कचेरीत पूर्वमंजुरीशिवाय कोणीही खोकू नये.

पांडुरंगरावांची नोकरी अजून कायम व्हायची होती. ते खोकला गिळू लागले. छाती घरघरू लागली तसे डॉक्टरांकडे गेले.

"अहो भिया," डॉक्टर इंदुरी ढंगात म्हणाले, "श्वासनळीत कफाचा ओला थर असतो. धूळ, जंतू त्याला चिकटतात. आतले बारीक केस तो कफ वर ढकलतात, आणि साचला की खोकला त्याला बाहेर फेकतो. फुफ्फुसं वाचतात ती त्यानं. खोकला असाच कोंडलात, तर न्यूमोनिया पक्का!"

पांडुरंगरावांनी हे भीतभीत साहेबांच्या कानावर घातलं.

"म्हणजे तुमच्या छातीत सफाईखातं चालतं?" साहेब गंभीर झाले. "कोणाच्या मंजुरीनं?"

"जन्मापासूनच आहे, साहेब."

"म्हणजे बेकायदा!"

तरी साहेब मनाचे मोठे. त्यांनी प्रकरण वरिष्ठांकडे पाठवलं. तोवर उन्हाळा संपून राजधानी ग्वाल्हेरला परतली होती. प्रकरणही तिच्यामागे गेलं आणि तिथून विचारणा आली: कनिष्ठ भागातला कफ थेट वर जातो, हे योग्य मार्गानं आहे काय?

उत्तर तयार होईतो पांडुरंगराव तापानं फणफणले.

"आग लागो त्या मंजुरीला!" त्यांच्या पत्नी शारदाबाई रडकुंडीला आल्या. "अहो, घरात तरी खोका!"

"सवय मोडेल गं," ते कसेबसे म्हणाले.

इस्पितळात मुजुमदारसाहेब स्वतः हार घेऊन आले. "शिस्त असावी तर अशी!" त्यांनी हार पांडुरंगरावांच्या गळ्यात घातला.

"बाजूला व्हा!" डॉक्टर ओरडले. "पांडुरंगराव, खोका! जोर लावून खोका, जीव वाचेल!"

कफ घशाशी आला होता. पांडुरंगरावांनी साहेबांकडे पाहिलं. साहेबांनी छताकडे पाहिलं. पांडुरंगरावांनी कफ गिळला.

हसलात? खुशाल हसा. पण आज तुमच्या साहेबांसमोर जे घशाशी आलं होतं, ते तुम्ही कुठे टाकलंत?