सालसेडोचं कोपर आणि दोन मिशा

"लागलाय चेंडू त्याला! अख्ख्या मिलवॉकीला दिसलं, त्या आंधळ्याला कसं दिसत नाही?"

एल्डन कुबियाक बर्निसच्या बारमध्ये स्टुलावर उभा राहून टीव्हीवरच्या अंपायरचा उद्धार करत होता. दर शनिवारी पन्नाशीपुढच्यांच्या बेसबॉल सामन्यांत आपण स्वतःच अंपायर असतो, हे तो त्या घटकेला साफ विसरला होता. त्याचा मेहुणा रोलंड मात्र विसरला नव्हता.

"दाजी, शनिवारी माझ्या कोपराला लागला तेव्हा काय म्हणालात? 'चुकवायचा प्रयत्न केला नाहीस, चेंडू लागल्याचा फुकट बेस मिळणार नाही. उभा राहा, खेळ.' हाही तेच म्हणतोय."

"तू मुद्दाम कोपर पुढे काढलं होतंस!"

"आणि टीव्हीवरच्या तुमच्या सालसेडोने काय, ओवाळायला काढलं?"

मामला मिशीचा होता. बारमधली मंडळी दर मोसमात खऱ्या खेळाडूंमधून आपापला कागदी संघ निवडत. मैदानात खेळाडू जे करील त्याचे गुण इथे मिळत आणि तळाला राहील त्याची मिशी बर्निस सगळ्यांदेखत उतरवी. एल्डनची मिशी लग्नाच्याही आधीची. ती गेली की मागे काय उरेल, या विचारानेच त्याला घाम फुटे. आता मोसमाचा शेवटचा डाव, एल्डन तळाला, त्याच्या संघातला एकटा सालसेडो खेळायचा उरलेला, आणि रोलंड त्याच्यापेक्षा एका गुणाने वर. चेंडू लागून बेस मिळाला की एक गुण, म्हणजे बरोबरी, आणि बरोबरीत दोघांच्याही मिशा जात. बुडायचंच तर मेहुण्याला घेऊन बुडू, असा एल्डनचा सरळ हिशेब होता.

"बर्निस, लीगची प्रमुख तू. तो झोपलाय म्हणून आपणही झोपायचं? मत घे!"

"घेते. पण गुण दिला की सालसेडोची पाळी आपल्यापुरती संपली हं. मागाहून रडायचं नाही."

"संपली म्हणजे संपली!"

न्यायाशी कुणाला देणंघेणं नव्हतं. एकाऐवजी दोन मिशा उतरणार म्हटल्यावर भराभर हात वर गेले. एकटा रोलंड ओरडत राहिला, "अरे, अंपायरचा शब्द आहे की नाही काही?"

तिकडे सालसेडो पुन्हा खेळायला उभा राहिला होता. पुढचाच चेंडू त्याने असा हाणला की तो कुंपणापार प्रेक्षकांत जाऊन पडला. होमरन. एरवी त्याचे चार गुण.

एल्डन हळूच स्टुलावरून उतरला. "अंपायरचा निर्णय अंतिम असतो," तो घोगऱ्या आवाजात म्हणाला. "मी जन्मभर हेच सांगत आलोय."

"आणि मघाचा आंधळा?"

"आंधळा कसला! देवमाणूस आहे रे तो!"

"बस खाली," बर्निस फेस घोटत म्हणाली.

"दाजी, मी एकटाच बुडत होतो हो," शेजारच्या खुर्चीत बसत रोलंड म्हणाला. "तुम्ही सोबत आलात, बरं वाटलं."

घरी डोरीनने दार उघडलं, आधी नवऱ्याकडे पाहिलं, मग भावाकडे. "अगंबाई! म्हणजे खाली ओठ होता तर," एवढंच ती म्हणाली.

पुढच्या शनिवारी चेंडू पुन्हा रोलंडच्या कोपरावर आदळला. तो जागचा हललाही नव्हता. एल्डनचा हात सवयीने मिशीकडे गेला आणि रिकामाच खाली आला.

"उभा राहा. खेळ."

"अजूनही तेच, दाजी?"

"गाढवा, तुझ्याच भल्याचं सांगतोय. अशा वेळी पुढच्या चेंडूवर होमरन असतो!"

रोलंडने जीव खाऊन बॅट फिरवली. चेंडू सरळ वर गेला, सरळ खाली आला आणि अलगद झेलला गेला.

"आउट!" एल्डन ओरडला आणि आठवड्यात पहिल्यांदा मनापासून हसला. मिशी नसल्यामुळे ते सगळ्या मैदानाला दिसलं.