उरलंसुरलं

माणसाचं वजन ही त्याची खाजगी बाब आहे, असं ज्यांना वाटतं त्यांचं वजन बहुधा बेताचं असतं. एका मर्यादेपलीकडे ते सार्वजनिक मालमत्ता होतं, आणि त्याच्या देखरेखीचा अधिकार नातेवाईक, शेजारी व लिफ्टमध्ये बाजूला उभा असलेला अनोळखी इसम यांच्याकडे आपोआप जातो.

चष्म्याच्या दुकानात काम करणाऱ्या वहिनींचं वजन बरीच वर्षं असं सार्वजनिक होतं. (दीर एकच, पण सगळी इमारत त्यांना वहिनीच म्हणे.) गिऱ्हाइकाच्या डोळ्यांपुढे एकामागून एक भिंगं धरून "हे बरं दिसतं की हे?" असं त्या न कंटाळता विचारत. पुढे गुडघे उभं राहू देईनात, साखर गोळ्यांना जुमानेना आणि आडवं पडलं की आंबट पाणी घशाशी येई. पथ्यं झाली, चालणं झालं, उपाशी राहणंही झालं. शेवटी डॉक्टरांनी वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया सुचवली, तेव्हा वहिनींना रडू आलं. भीतीने नव्हे. आयुष्यात पहिल्यांदाच कोणीतरी "तोंडावर ताबा ठेवा" यापलीकडे काही बोललं होतं.

शस्त्रक्रिया दोन प्रकारची होती. एकीत जठराचा बराचसा भाग काढून टाकतात आणि उरलेल्याची केळ्यासारखी अरुंद नळी करतात. दुसरीत जठराची इवलीशी पिशवी करून ती थेट पुढच्या आतड्याला जोडतात. पोट वहिनींचं असल्यामुळे निवड करायला साहजिकच बाकीचे सगळे बसले.

नवऱ्याचा कौल पहिलीला, कारण तिच्यात जोडकाम नव्हतं. मोरीतला नळ नवा जोडल्यापासून गळत होता आणि तो अनुभव ताजा होता. दिराचा कौल दुसरीला, कारण त्याच्या ऑफिसातल्या कोणाच्या तरी मेहुणीने ती करून घेतली होती आणि आता ती ओळखू येत नव्हती. (तो तिला आधीही ओळखत नव्हता.) जन्माबरोबर मिळालेलं पोट कापण्यापेक्षा जीभ आवरावी, असं सासूबाईंनी साय दुसऱ्यांदा वाढून घेताना सांगितलं. मुलगा म्हणाला की जी लवकर उरकेल ती करा, त्याची परीक्षा होती. थोडक्यात, उपस्थितांपैकी शंभर टक्के लोकांचं मत ठाम होतं. पोट जिचं कापायचं ती या टक्केवारीत नव्हती, कारण ती आत सगळ्यांसाठी चहा करत होती.

वहिनींनी डॉक्टरांपुढे दुकानातलीच पद्धत वापरली. दोन्ही प्रकार आलटून पालटून समोर धरायला लावले. घशाशी येणारं आंबट पहिलीने वाढण्याची शक्यता होती, दुसरीने बहुधा थांबलं असतं; साखरही दुसरीने जास्त उतरेल, असा डॉक्टरांचा अंदाज होता. मात्र जीवनसत्त्वांच्या गोळ्या जन्मभर. वहिनींनी दुसरी निवडली. घरी या निर्णयाचं श्रेय दिराने घेतलं.

शस्त्रक्रिया नीट पार पडली. आहारतज्ज्ञ बाईंनी बजावलं की हा नुसता आधार आहे, पुढचं चालणं आपलंच. घास लहान, प्रथिनं आधी, जेवताना पाणी नाही, तपासण्या कायमच्या. आणि वर्ष-दोन वर्षांनी वजन परत यायला बघतं, तेव्हा सावध. मग त्यांनी विचारलं, आधी तुम्ही रोज काय खात होता?

वहिनींनी खरं ते सांगितलं. स्वतःचं जेवण बेताचंच. नंतर मुलाच्या ताटातला भात, सासूबाईंनी अर्धा सोडलेला पाव, नवऱ्याने "आता नको" म्हणून सरकवलेली वाटी आणि पातेल्याचा तळ.

बाईंनी पेन खाली ठेवलं. "म्हणजे घरादाराचं उरलेलं तुम्ही एकट्या खायचात?"

"टाकायचं कसं?"

"ते माझ्या विषयात येत नाही," बाई म्हणाल्या. "आणि आता तुमच्या पोटातही मावणार नाही."

वर्षभर सगळं नामी चाललं. आंबट थांबलं, साखर उतरली, वहिनी जिना न थांबता चढू लागल्या. आधी "जरा कमी करा" म्हणणारे आता "फारच उतरलात, सगळं ठीक आहे ना?" असं काळजीने विचारू लागले. (काळजीचं वजन कधीच घटत नाही.) ताटं मात्र पूर्वीसारखीच भरून बसत आणि पूर्वीसारखीच अर्धी होऊन आत येत. एकदा वहिनींनी मुलाने टाकलेला केक तोंडात टाकला. थोड्याच वेळात दरदरून घाम फुटला, छाती धडधडली आणि त्या ओट्याला धरून खाली बसल्या. गोडाचं शरीराने असं खडसावून सांगितलं. भाताचं मात्र सांगितलं नाही. एकेक घास करत काटा पुन्हा वर सरकू लागला.

घरच्यांनी लगेच दुसरी बैठक घेतली. आणखी थोडं कापता येतं का, हे विचारून यावं, असं एकमताने ठरलं.

वहिनी या वेळी चहा करायला गेल्या नाहीत. "आता माझं काही कापायचं नाही," त्या म्हणाल्या. "ताटात कमी वाढून घ्या."

कोणी मनावर घेतलं नाही. दुसऱ्या दिवसापासून ज्याने जे टाकलं ते झाकून त्याच्याच पुढे, पुढच्या जेवणाला सगळ्यात आधी येऊ लागलं.

"हे सकाळचं आहे," नवरा म्हणाला.

"हो. तुमचंच आहे."

स्वभावातला बिघाड हा शस्त्रक्रियेचा दुष्परिणाम आहे का, हे नवऱ्याने डॉक्टरांना एकांतात विचारलं. ज्यांचं वजन टिकतं त्यांच्यात हे लक्षण बरेचदा दिसतं, असं डॉक्टर म्हणाले.

त्याला आता बरीच वर्षं झाली. वहिनींचं वजन जागेवर आहे. गोळ्या आणि तपासण्या चुकत नाहीत. मधल्या काळात नवऱ्याच्या विजारी शिंप्याकडे जाऊन सैल होऊन आल्या, कारण उरलेलं संपवायला तो शिकला. कमी वाढून घ्यायला शिकायला त्याला आणखी वेळ लागला. पाहुण्यांना तो आजही सांगतो, की ऑपरेशन फार छान झालं.

अशा घरांबद्दल वाचून वाचकांना वाईट वाटतं, हा अनुभव आहे. ज्यांना वाटत असेल त्यांनी आज जेवण झाल्यावर, आपल्या घरी सगळ्यात शेवटी कोण जेवतं आणि काय जेवतं, हे आत जाऊन पाहून यावं. जाताना आपलं ताट तेवढं उचलून न्यावं. ते अजून तिथेच आहे.