उणे चाळीस पाव

आकड्यांचं भांडण मिटवावं तर आम्हीच! हे वाक्य मी मॅनेजरांच्या केबिनमध्ये, त्यांच्याच टेबलाला टेकून म्हणालो होतो. आता नुसतं आठवलं तरी कान गरम होतात.

आमची बेकरी कंपनी. दुकानं बरीच. उद्या कुठल्या दुकानात किती पाव खपतील याचा अंदाज मी कॉम्प्युटरवर काढतो, आणि सगळ्या कंपनीचा मिळून एक वेगळा काढतो. दोन्ही जुळायला हवेत. ते काही जुळत नव्हते. घरात प्रत्येकाला ‘तू किती काम करतोस’ असं विचारलं की जशी बेरीज होते, तशी दुकानांची बेरीज एकूण आकड्याच्या वर जायची.

सॉफ्टवेअरमध्ये अशी भांडणं मिटवायची सोय असते. जास्त झालेलं ते दुकानादुकानांतून कापून घेतं, आणि ज्याच्या खपाचा भरवसा कमी, त्याचं जास्त कापतं. मी बटण दाबलं. वरची बेरीज तंतोतंत जुळली! खाली एकेका दुकानापुढे काय उरलं ते बघायला हवं होतं, पण मान इतकी ताठ झाली होती की खाली वळेना. कुठे किती पाव पोचवायचे याची ती यादी थेट गाड्यांवर गेली.

सगळ्यात बेभरवशाचं दुकान माझ्या मावशीचं, दवाखान्याच्या फाटकासमोर. पेशंटला भेटायला माणसं आली तर झुंबड, नाहीतर माशा मारायच्या. आई गेल्यावर मावशीने मला याच दुकानात बसवून पाढे शिकवले. दुकान एवढंसं, आणि कापायचा आकडा मोठा. तिच्या नावापुढे आलं उणे चाळीस.

ड्रायव्हर शिस्तीचा माणूस. उणे म्हणजे परत आणायचे, असा अर्थ त्याने लावला आणि मावशीकडून पाव मोजून घेऊन आला. गोडाऊनवाल्याने हे चाळीस कुठे ठेवू म्हणून विचारलं, तेव्हा मला पत्ता लागला. मी तसाच फोन लावला.

"अगं मावशी, तू दिलेस कसे?"

"माझ्याकडे कालचे तीसच होते रे. दहा पलीकडच्या दुकानातून विकत आणून दिले. यादी तू केलीस असं ड्रायव्हर म्हणाला. म्हटलं, तुझा हिशोब चुकायला नको."

मग आवाज बारीक करून तिने विचारलं, दुकान बंद करताय का तुम्ही? मला इतकं वाईट वाटलं की धरणीने पोटात घेतलं असतं तर बरं झालं असतं. उद्या सगळं ठीक होईल, असं मी शपथेवर सांगितलं.

लगेच बसून दुरुस्ती केली. कुणाचाही आकडा शून्याखाली जायचा नाही, असा नियमच घालून दिला. बेरीज पुन्हा जुळली. मॅनेजरांनी पाठ थोपटली. पाठ थोपटून घेताना माणसाला खाली बघता येत नाही, हे आपलं माझ्या बचावासाठी सांगून ठेवतो.

दुसऱ्या दिवशी मावशीचाच फोन आला. ड्रायव्हर रिकाम्या हाताने आला आणि रिकाम्या हाताने गेला, म्हणाली. तब्येत मात्र विचारून गेला. कालच्यापेक्षा बरंच म्हणायचं.

शून्य! आकडा खाली गेला नव्हता, नियम पाळून नेमका शून्यावर थांबला होता.

गोडाऊनमधून हाताला लागतील तेवढे पाव उचलून मी धावलो. तिच्या फळ्यांवर औषधालाही पाव नव्हता. मी माफी मागायला तोंड उघडणार, तोच तिने स्टूल पुढे सरकवलं.

"बस रे," ती म्हणाली. "आज जागाच जागा आहे."