चौदाव्या भागी दीपेशपंत जागले त्याची हकिकत

विघ्नहर्त्यास आणि बंदरच्या देवीस स्मरोन, शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसुनाम संवत्सरी, आषाढमासी, रत्नागिरी शहरी सिनेमागृहात जो अनर्थ गुदरला आणि त्यातून दीपेशपंत कैसे तगले, ते साद्यंत लिहिणे प्राप्त जाहले.

दीपेशपंत म्हणजे बंदरावरील बर्फ कारखान्याचे कारकून, ऋतिकाबाईंशी विवाहाची उमेद बाळगोन होते. बाईंचे तीर्थरूप भिकाजी तांडेल, सहा खलाशांच्या होडीचे मुखत्यार; मासेमारी बंद म्हणोन होडी किनारी झावळ्यांनी शाकारलेली आणि स्वारी घरी रिकामी. तयांसमोर पंतांनी बढाई मारिली की, एका गुप्तहेराचे तेरा भाग पाहिले, पापणी लवली नाही, आणि चौदावा तर सर्वांचा बाप. मग तांडेलांचे फर्मान निघाले की, पहाऱ्यावर डुलकी घेतो त्याचे हाती सुकाणू नाही आणि मुलगीही नाही. शिनेमा दाखवा आणि जागून दाखवा.

सुक्या बोंबलाचे कालवण आणि भात रिचवोन तिघे दुपारी एक वाजता एसीच्या अंधारात दाखल जाहले, आणि चौदावा भाग सुरू जाहला. हेरमहाशय बर्फाळ डोंगरी बसोन आपले बालपण सांगो लागले, आणि सांगतच राहिले, मग खलनायक आला आणि त्याने त्याचे सांगितले. ऋतिकाबाई इंटरव्हलापूर्वीच पडल्या. खासे तांडेल तोंड उघडोन घोरो लागले. मागील फौज पॉपकॉर्नासह गारद. पंतांनी एकट्याने किल्ला लढविला, मांडीस चिमटे काढिले आणि मनात बर्फाच्या लाद्या मोजिल्या, त्याने अधिकच झोप येते म्हणोन मोजणे तहकूब केले.

दिवे लागताच तांडेलांनी शेवट पुसिला. पंतांनी इमानाने अर्ज केला की, हेरांनी समुद्रतळची पाणबुडी एक उंट जुंपोन वाळवंटात ओढून काढिली.

"पाणबुडी उंटान ओढली? झोपलास तू मेल्या. सपान पडला तुला."

साक्षीस माणूस नाही, अवघे थिएटर नुकतेच झोपेतून उठलेले. सोयरीक बुडो लागली. मग पंतांनी काळजावर दगड ठेवोन साडेचारच्या खेळाची तिकिटे काढिली. बाईसाहेबांनी मात्र, मजला पुन्हा आत जाणे असेल तर लग्नच नको, ऐसा साफ जबाब दिला आणि बाहेर वडापाव खात बसल्या.

दुसरे खेपेस तांडेल दाढेखाली तंबाखू धरोन, धुक्यात खडक हुडकावा तैसे पडद्याकडे पाहत राहिले. दोन्ही बालपणे पुनश्च जाहली. आणि मग वाळूतून पाणबुडी निघाली, पुढे उंट.

"दोन हायत," तांडेल हळूच म्हणाले. "तू एक म्हणालास."

तांडेलांनी आणखी निरखोन पाहिले आणि एक उंट दुसऱ्याची नुसती सावली ठरला.

"जावयबापू, आता पहाऱ्याची पाळी माजी," ते म्हणाले. "तुमी निजा."

येणेप्रमाणे सोयरीक फत्ते जाहली आणि पंत सासऱ्यांचे खांद्यावर मान टाकोन तत्काळ घोरो लागले. त्याच सुमारास पडद्यावर हेराने जग वाचविले अशीही वार्ता आहे. ती कोणी मनावर घेतली नाही.