निळ्या टॉवेलाचा तहनामा

श्रीगृहदेवता समर्थ. शके १९४६, क्रोधी नाम संवत्सरे, वैशाख मासी तिसऱ्या मजल्यावरील एका राज्यात जे वर्तले ते जैसे घडले तैसे लिहिले; पदरचे मीठ घातले असेल तर चवीपुरते. राज्याचे धनी श्रीमंत भालचंद्रराव. दिवसा कचेरीत लोकांचे भाडेकरार लिहीत आणि सायंकाळी घरी राज्य करीत. कन्या ऋजुताबाई, वय वर्षे नऊ, घरात फार गर्जना करी. मग राजांनी मनसुबा केला आणि तहनामा लिहिला, की घरात ओरडू नये, आणि जेवताना मोबाईल पाहू नये, आणि ओला टॉवेल पलंगावर टाकू नये. जो मोडील त्यास आठ दिवस टीव्ही बंद. आणि हात कचेरीच्या सवयीचा, सबब शेवटी आपोआप लिहून गेला, "सदर करार उभय पक्षांस बंधनकारक राहील."

राजकन्येने बोट लावून सगळे वाचिले आणि पुसिले, "बाबा, माफीचं कलम?"

"माफी कसली? करार म्हणजे करार!"

मग उभयतांच्या सह्या जाहल्या आणि राणी मृदुलाबाईंनी साक्षीदार म्हणून सही केली आणि कागद फ्रिजवर चढला. मग सहा दिवस अशी शांतता नांदली की शेजारीण दोनदा येऊन "बरे आहात ना?" म्हणून विचारून गेली. सातवे दिवशी क्रिकेटचा अंतिम सामना, आणि त्याच सकाळी पलंगावर ओला टॉवेल सापडला. निळा.

"माझा नव्हे," राजे वदले.

"मग निळ्या टॉवेलाने मिशा कोण पुसतं, आई?"

"ऋजे, आज फायनल आहे गं! उद्यापासून धर की."

"माफीचं कलम दाखवा."

राजांनी राणीसाहेबांकडे पाहिले. "माझ्याकडे काय बघता? अक्षर तुमचंच आहे."

मग सायंकाळी राजे बाल्कनीत हद्दपार जाहले. परंतु राजकन्येस दया आली आणि ती स्वतः जासूद होऊन टीव्हीपासून बाल्कनीपर्यंत धावू लागली. शेवटल्या चेंडूस पाच धावा हव्या होत्या. आणि राजकन्या किंचाळत आली, "बाबाऽऽ, सिक्स!" आणि राजांनी अशी आरोळी ठोकली की दोरीवरचे चिमटे गळाले आणि कबुतरे उडाली. मग बापलेकीने एकदमच तोंडावर हात ठेविले. राणीसाहेबांनी बसल्या जागेवरून फक्त फ्रिजकडे बोट केले.

तात्पर्य, पुढे आठ दिवस बापलेकीने बाल्कनीत पत्ते कुटले आणि दोघेही खिदळले ते उशीत तोंड खुपसून. साक्षीदारास एकही कलम लागू नव्हते. सबब रिमोट राणीसाहेबांचे हाती गेला, तो अद्याप तेथेच आहे.